अमेरिकेतून जाहिरातवालं किंडल मागवू का?

सराफ्याचा_भुकेला:
मामेभाऊ दिवाळीत डॅलसहून इंदूरला येतोय, आईसाठी किंडल, ते ॲमेझॉनचं ई-पुस्तकं वाचायचं मशीन, आणतो म्हणाला. तिकडे म्हणे जाहिरातवालं घेतलं तर २० डॉलर कमी लागतात. म्हणजे वाचता वाचता मधेच जाहिरात टपकते का? आणि आईचं बोट चुकून कुठे लागलं नि काही ऑर्डर झालं तर घरात माझी काही खैर नाही.

जुनं_किंडल:
पुस्तकाच्या आत काही येत नाही हो. मशीन झोपलं की स्क्रीनवर जाहिरात आणि थोडी होमवर, बस. २०११ ला हे सुरू झालं तेव्हा १३९ चं किंडल ११४ डॉलरला होतं, लोक म्हणाले एवढं सगळं दाखवणार नि सूट फक्त २५? त्याच वर्षी मग ७९ चं आलं, विनाजाहिरात तेच १०९. आईंसाठी सेटिंगमधे पिन टाकून स्टोअरच बंद करून ठेवा, ऑर्डरची भानगडच नको.

तिरपा_राजवाडा:
मला मुळात हे पटतच नाही. पेपरात जाहिराती असतात म्हणून पेपर स्वस्त पडतो, कबूल, पण पेपर महिन्याने रद्दीत जातो आणि हे मशीन वर्षानुवर्षं टेबलावर पडून राहणार, म्हणजे मशीन तुमचं, टेबल तुमचं, बोर्ड दुसऱ्याचा. किंडलच्या त्या कागदासारख्या स्क्रीनला, ई-इंकला, चित्र धरून ठेवायला बॅटरी लागत नाही ना, म्हणून बंद असतानाही आपलं दिसतंच आहे.

पोहे_जलेबी:
अरे भिया, फ्लिपवालं कव्हर लाव, झाकल्यावर कोण बघतंय 😄

खासगीवाली:
कव्हरचं ठीक, पण एक लक्षात घ्या, चालू पुस्तकाचं मुखपृष्ठ झोपलेल्या स्क्रीनवर ठेवायची सोय २०२१ ला आली ती विनाजाहिरातवाल्यांनाच. माझ्या सासऱ्यांना तेच फार आवडतं, कुठलं पुस्तक चालू होतं ते उघडायच्या आधी कळतं. बाकी जाहिराती नंतरही फरकाचे पैसे भरून काढता येतात, त्यामुळे आत्ता स्वस्तातलं घेतलं तरी अडत नाही.

सराफ्याचा_भुकेला:
मुखपृष्ठाचं ऐकून आई म्हणाली तेच पाहिजे, २० डॉलर मी देते. मराठी पुस्तकं मिळतात ना पण? तिला साहित्य सभेच्या लायब्ररीची सवय आहे.

जुनं_किंडल:
मिळतात की, २०१६ च्या डिसेंबरपासून आहेत, अक्षर पण हवं तेवढं मोठं होतं. जुनी पुस्तकं मात्र सगळी नाही सापडत, लायब्ररीची वर्गणी चालू ठेवा.