आयस्टेदवॉदमध्ये इंग्रजी नको म्हणजे नको! (वेल्सचं २०२३ आणि एका रॅपरची माघार)

ओलाचिंब (धागाकर्ता)

२०२३ संपत आलंय. १३ डिसेंबरला मार्क ड्रेकफर्डनी फर्स्ट मिनिस्टरपद (वेल्सचं मुख्यमंत्रीपदच म्हणा) सोडणार म्हणून जाहीर केलं, तेव्हापासून कार्डिफच्या आमच्या ऑफिसात दुसरा विषय नाही. पण मला विचाराल तर यंदाची इथली खरी गोष्ट जुलैत झाली आणि तिचा रग्बीशी, रेक्समच्या फुटबॉल क्लबमध्ये पैसे लावणाऱ्या हॉलिवूडवाल्यांशी किंवा २० मैलांच्या स्पीड लिमिटशी काही संबंध नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. नॅशनल आयस्टेदवॉद म्हणजे ऑगस्टमधला आठवडाभराचा मेळा, सहसा एक वर्ष उत्तरेत तर पुढच्या वर्षी दक्षिणेत. कविता, गायन, पाठांतर, नाटक सगळं असतं आणि जुन्या कडक छंदात लिहिणाऱ्या सर्वोत्तम कवीला खुर्ची देतात, खरीखुरी, सुताराने केलेली. यंदा उत्तर-पश्चिमेला ह्लीन द्वीपकल्पावर बोदियनला भरला होता आणि खुर्ची मिळाली अ‍ॅलन ह्लुइड यांना, ज्यांनी पहिली खुर्ची जिंकली होती १९७३ ला. पन्नास वर्षं राव!

तर १९५० पासून या मेळ्यात नियम आहे की सगळं वेल्शमध्ये. सेज टॉड्झ नावाचा तरुण रॅपर आहे, पेनिग्रोस गावात वाढलेला, वेल्श-इंग्रजी मिसळून गातो. त्याला मेळ्यात गायला विचारणा झाली, पण गाण्यांत इंग्रजी फार आहे असं आयोजकांनी म्हटल्यावर तो म्हणाला मी गाणी बदलणार नाही, आणि गेलाच नाही. मग ट्विटरवर नेहमीचा धुरळा.

माझं मत: आयोजक बरोबर होते. इथे पाट्या दोन भाषांत, बिलं दोन भाषांत, रस्त्यावर SLOW च्या जोडीला ‘अराव’ रंगवलेलं, पण मीटिंगमध्ये दहातल्या नऊ जणांना वेल्श येत असेल आणि एकाला (म्हणजे मला) येत नसेल तर नऊच्या नऊ जण एका सेकंदात इंग्रजीवर येतात, कोणी सांगावंही लागत नाही. दोन्ही भाषा चालतील याचा व्यवहारात अर्थ हाच होतो. मग वर्षातून एक आठवडा तरी अशी जागा हवी जिथे वेल्शला उठून जागा करून द्यावी लागणार नाही.

चर्चा होऊ द्या. चहा टाकलाय.

---

तिखटमीठ

अजिबात सहमत नाही. ज्या पोराला २०२२ मध्ये वेल्सच्या फुटबॉल असोसिएशनने गाणं करायला बोलावलं, ज्याच्यामुळे एरवी वेल्श कानावरही न घेणारी पोरं दोन ओळी वेल्श म्हणायला लागली, त्यालाच सांगायचं की बाबा तुझी वेल्श पुरेशी शुद्ध नाही? पेनिग्रोस काही कार्डिफ नाही, तिथे वेल्श रस्त्यावर बोलतात, आणि तिथली पोरं जशी बोलतात तसाच तो गातो. सोवळ्यात ठेवलेली भाषा देवघरातच राहते, ओलाचिंबराव.

आणि एक कृष्णवर्णीय वेल्श मुलगा एवढा पुढे येतो आणि नेमका तोच नियमात अडकतो, हे कसं दिसतं याचा तरी विचार?

---

ओलाचिंब

शुद्ध-अशुद्धचा प्रश्नच नाही हो. नियमात कुठेही चांगली वेल्श बोला असं नाही, वेल्श बोला एवढंच आहे. यंदाचा डिस्गूर, म्हणजे वर्षातला सर्वोत्तम शिकाऊ, हा मान स्कॉटलंडहून येऊन अँगलसी बेटावर राहणाऱ्या बाईंना मिळाला. बाहेरच्यांना दार बंद असतं तर त्या स्टेजवर कशाला असत्या?

दिसण्याचं म्हणाल तर तो मुद्दा मान्य. आयोजकांनी आधी विचारून मग नियम दाखवला असेल तर ते फारच बावळटपणाचं झालं.

---

रोज_ए४७०

भाषा वगैरे ठीक आहे पण १७ सप्टेंबरपासून वस्तीतल्या रस्त्यांवर ३० ची २० केली त्यावर कोणी बोलणार आहे का, माझी रोजची पाऊण तासाची ड्राइव्ह आता एक तासाची झालीय आणि मागचा व्हॅनवाला असा चिकटतो की आरशात त्याच्या दाताचं फिलिंग दिसतं. सेनेथच्या (वेल्सच्या संसदेच्या) साइटवर विरोधात साडेचार लाखांवर सह्या झाल्या, रेकॉर्ड आहे, देशाची लोकसंख्याच ३१ लाख. लोकांना कशाचं पडलंय ते यावरून समजा.

---

तिखटमीठ

@रोज_ए४७०, वेगळा धागा काढा ना भाऊ.

(काढलात तर येते. मी २० च्या बाजूने आहे.)

---

आकडेमोडे

थोडे आकडे, म्हणजे भांडण तरी नीट होईल. २०२१ च्या जनगणनेत वेल्श येणारे १७.८ टक्के, साधारण ५ लाख ३८ हजार. २०११ मध्ये १९ टक्के होते, ५ लाख ६२ हजार. सर्वात मोठी घट शाळकरी पोरांमध्ये, म्हणजे ज्यांच्या भरवशावर सरकार २०५० पर्यंत दहा लाख भाषक करायला निघालंय त्यांच्यातच. उलट कार्डिफमध्ये टक्का थोडा वाढलाय.

पण सरकारचाच दुसरा सर्व्हे २९ टक्क्यांच्या आसपास दाखवतो. कारण ‘येते का’ या प्रश्नाला प्रत्येकजण आपापल्या आत्मविश्वासाप्रमाणे उत्तर देतो. तेव्हा भाषा मेली आणि भाषा वाचली, दोन्ही धागे एकाच दिवशी काढता येतात.

---

डबा_विसरला

माझी मुलगी कार्डिफमध्ये वेल्श माध्यमाच्या शाळेत आहे, दुसरी सोडून आता तिसरीत. घरी मराठी, वर्गात वेल्श, आणि मैदानात पाऊल टाकलं की इंग्रजी. बाईंनी सांगितलं म्हणून नाही, चेंडूच इंग्रजीत येतो जणू. मी एकदा विचारलं की मैत्रिणीशी वेल्शमध्ये का नाही बोलत, तर म्हणाली, “ती शाळेची भाषा आहे आई.” पोटात गोळाच आला माझ्या, कारण दोन वर्षांनी मराठीबद्दल ती “ती आजीची भाषा आहे” म्हणणार हे मला तिथेच ऐकू आलं.

म्हणून माझं दोन्हीकडून डोकं फिरतं. तिला बोदियनला घेऊन गेलो होतो. आइस्क्रीमवाला, टॉयलेटच्या रांगेतली भांडणं, सगळं वेल्शमध्ये, आणि पोरगी खुशीत पटपट बोलत होती. तो नियमाचा परिणाम आहे, ओलाचिंब यांचं बरोबर. पण परतीच्या गाडीत तिने लावायला सांगितली ती सेज टॉड्झचीच गाणी.

---

तिखटमीठ

ताई, तुमच्या शेवटच्या वाक्यावर मी विश्रांती घेऊ शकले असते, पण अजून एक सांगते. स्टेजवरची भाषा राखून काय होणार जर गावातच घर परवडत नसेल? त्याच ह्लीनवर अबेरसोख आहे, समुद्रकाठी, लोकांची सुट्टीची घरंच घरं. तिथली प्राथमिक शाळा २०२१ च्या डिसेंबरात बंद पडली, पोरंच उरली नाहीत. या एप्रिलपासून तिथल्या ग्विनेद कौन्सिलने सेकंड होमवर १५० टक्के जादा कौन्सिल टॅक्स (घरपट्टी) लावला, म्हणजे नेहमीच्या अडीचपट. मला वाटतं २०२३ मध्ये वेल्शसाठी झालेलं सगळ्यात मोठं काम हे आहे, आणि त्यावर ना कोणी कविता केली ना ट्विटर पेटलं. रॅपरच्या चार इंग्रजी ओळींवर मात्र सगळ्यांना मत आहे. माझ्यासकट.

---

आकडेमोडे

यादीत भर: एप्रिलमध्येच ब्रेकन बीकन्स नॅशनल पार्कने इंग्रजी नाव बाजूला ठेवून बन्नाय ब्रुखेनिओग हे मूळ नाव घेतलं. लंडनच्या पेपरांना उच्चार जमेना म्हणून राग आला. आणि ऑक्टोबरअखेर ड्युओलिंगो या भाषा शिकवणाऱ्या अ‍ॅपने वेल्श कोर्समध्ये नवीन काही घालणं थांबवलं. एकूण हिशोब तुम्हीच लावा, मी थकलो.

---

ओलाचिंब

ड्युओलिंगोवर माझा ४०० दिवसांचा स्ट्रीक होता, त्यावर मीठ चोळू नका. एवढ्या दिवसांत मला “ओवेनला पार्सनिप हवंय” एवढंच सफाईने म्हणता येतं.

तिखटमीठ, घरांचं शंभर टक्के मान्य. पण टॅक्स लावून गावात राहिलेला माणूस शनिवारी संध्याकाळी जाणार कुठे, बोलणार कोणाशी, गाणार काय? ती जागा मी मागतोय. आणि सेज टॉड्झला बाकी ५१ आठवडे आख्खा वेल्स मोकळा आहे की.

---

तिखटमीठ

आणि त्या एका आठवड्यात त्याचे श्रोते कुठे जातील? डबा_विसरला यांच्या गाडीत. बसा मग तुम्ही मोकळ्या तंबूत खुर्ची राखत.

---

रोज_ए४७०

पुढच्या वर्षी पॉन्टिप्रिदला आहे म्हणे, माझ्या घरापासून जवळ. वेल्श येत नसेल तर आत काही कळतं का?

---

डबा_विसरला

कळतं, भाषांतराचे हेडफोन देतात, फुकट. पण अर्धा दिवस ते न लावता हिंडा. आणि गमबूट घ्या. ट्रेनने जा, नाहीतर तिथेही २० वरून रडाल.