पोरांच्या हाती खरा कारभार दिला तेव्हा काय झालं? अनुभव सांगा

उन्हाळी शिबिराचं नियोजन सुरू झालं की दरवर्षी कोणीतरी म्हणतंच, यंदा मुलांनाच पुढे करू. पुढे करणं म्हणजे काय, तर स्वागतगीत, सतरंज्या उचलणं आणि आभारप्रदर्शन. ते सोडून सांगा. १३ ते १८ वयाच्या पोरापोरींनी खरंच काही ठरवलं, पैसे कशावर घालायचे, कोणाला नाही म्हणायचं, आणि मोठ्यांनी ते गपगुमान पाळलं, असं आपल्या विदर्भातल्या खेड्यात कुठं घडलं? फसलेलं असलं तरी लिहा. पोरांची नावं आणि गावं मात्र टाकू नका.

वर्धा जिल्हा, किशोरी गट चालवणारी ताई

आमच्या रोज दिवसभर चालणाऱ्या शिबिराचं सगळं बजेट मी पोरींना दिलं, रोख, वही, पावत्या सगळं. नववी ते बारावीच्या पोरी. पहिल्याच बैठकीत त्यांनी फ्लेक्स आणि पाहुण्यांची शाल-श्रीफळ उडवलं आणि म्हणे ताई त्या पैशात ऑटो लावू, कारण संध्याकाळची एसटी निघून गेली की तांड्यावरच्या पोरींना घरचे पाठवतच नाहीत. हे मला इतक्या वर्षांत सुचलं नव्हतं, मी आपली दरवर्षी "तांड्याचा प्रतिसाद कमी" असं रिपोर्टात लिहीत होते. आता उद्घाटनाला सरपंच येणार, सोबत मेंबर, आणि शाल नाही! मला फोन, म्याडम हे काय पोट्ट्यांचं लावलं. मी म्हटलं भाऊ, निर्णय त्यांचा आहे, त्यांनाच विचारा. आणि ते खरंच विचारायला आले! दहावीतली एक पोरगी वही घेऊन उभी राहिली, शालीचे इतके, ऑटोचे इतके, बोला. सरपंच काही खूश झाले नाहीत, समारोपाला आलेच नाहीत. आमच्या ऑफिसातूनही मलाच ऐकून घ्यावं लागलं. पण तांड्यावरच्या पोरी रोज आल्या. निर्णय पोरींना द्यायचा तर त्याची बोलणी आपण खायची, हे ज्याला जमत नाही त्याने देऊच नये.

बारावीत आहे, यवतमाळ जिल्हा

खरं सांगू का, आम्हाला विचारतात तेव्हा आधीच ठरलेलं असते. बालसभेत आम्ही म्हटलं ग्राउंडवर लाईट पाहिजे, तर सर म्हणे ते सोडा, वृक्षारोपणावर बोला. मग कायले विचारता? एकच गोष्ट आमच्या हातात आहे, अभ्यासिकेची किल्ली. उघडणं, बंद करणं, कोणती पुस्तकं आणायची, मोबाईल आत न्यायचा की नाही, सगळं आम्ही ठरवतो. भांडणं होतात, पण आमची आमीच मिटवतो.

अमरावती जिल्हा, वरूडकडून

२०१६ मध्ये पाणी फाउंडेशनची जलसंधारणाची वॉटर कप स्पर्धा पहिल्यांदा झाली, तेव्हा राज्यातल्या ज्या तीन तालुक्यांत होती त्यात आमचं वरूड होतं. मी तेव्हा शाळेत होतो. गावातली मोठी माणसं कुदळ-फावडं घेऊन तयार, पण पाणी अडवणाऱ्या समतल चराची रेघ काढायला हायड्रोमार्कर लागते, नळीतल्या पाण्याची पातळी पाहून खुणा कराव्या लागतात, आणि ते आम्हा दोघातिघा पोट्ट्यांना पटकन जमलं. मग काय, आम्ही चुना टाकू तिथं खोदायचं. एक काका म्हणाले थोडं खाली घे, जमीन नरम आहे. मी म्हटलं नाही काका, रेघ चुकली तर पाणी एका बाजूला पळून चर फुटते. थोडे कुरकुरले पण खोदलं त्यांनी. आम्हाला कोणी लीडर वगैरे म्हटलं नव्हतं, अवजार आमच्या हातात होतं म्हणून आमचं चाललं.

शेतकरी बाप, यवतमाळ

मी काई जास्त शिकलेलो नाई, पण लिवतो. माह्या पोट्टीले गटाचं अध्यक्ष केलं, चांगली गोष्ट हाये. पण मिटिंगा ठेवता दिवाळीच्या आगंमागं, तवा कापूस फुटलेला राह्यते, वेचाले माणूस भेटत नाई, पोट्टी मिटिंगीले गेली का घरात तिच्या मायची बडबड सुरू. मंग तिनंच गटात मांडलं का वेचणी सरेपर्यंत मिटिंग फक्त बाजाराच्या दिवशी, त्या दिवशी मजुरीले सुट्टी राह्यते. संस्थेच्या साहेबाले पटलं नाई, त्यायले मार्चच्या आत पैसे खर्चाचे होते. पोट्टे म्हणे तुमचा मार्च तुमी पाहा, आमचा कापूस आमी पाह्यतो. मले लय मजा आली ते आयकून. मिटिंग आता बाजाराच्याच दिवशी होते.

चंद्रपूर जिल्हा, कबड्डी मंडळ

२०१२ पासून राज्यात गुटखाबंदी आहे पण आमच्याकडे पानठेल्यावर तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटून मिळतोच, आणि पोरं आठवीपासून खातात. शिबिरात पोरांनी स्वतः नियम केला, तोंडात खर्रा दिसला की मॅचमधून बाहर. फायनलच्या दिवशी नेमका आमचा सगळ्यात भारी रेडर सापडला. आम्ही मोठे लागलो समजवायला, अरे आजच्या दिवस राहू द्या, ट्रॉफीचा प्रश्न आहे. पोरं ऐकायला तयार नाहीत. त्याला बसवलं, आम्ही हरलो. ज्यांनी वर्गणी दिली होती ते अजूनही टोमणे मारतात. तो रेडर खर्रा सोडला का? नाही सोडला. पण नियम टिकला.

प्रशिक्षण देणारा, नागपूर ग्रामीण

थोडं पुस्तकी बोलतो. रॉजर हार्ट यांनी १९९२ मध्ये युनिसेफसाठी मुलांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. खालच्या तीन पायऱ्या, मुलांना वापरून घेणं, शोभेला उभं करणं आणि नावापुरतं विचारणं, यांना ते सहभाग धरतच नाहीत. वर बारावीतल्या मित्राने लिहिलेली बालसभा तिथलीच. त्याच वर्षी भारताने बालहक्क करार मान्य केला, त्याच्या कलम १२ मध्ये मुलांचं म्हणणं त्यांच्या वयाप्रमाणे विचारात घ्या असं आहे. आणि शिडीच्या सगळ्यात वर मोठी माणसं गायब नाहीत बरं का, मुलांनी सुरू केलेलं आणि मोठ्यांसोबत मिळून ठरवलेलं, असं आहे तिथं. "दिलं तुमच्यावर सोपवून" म्हणून घरी जाणारे कार्यकर्ते मी भरपूर पाहिलेत.

गडचिरोली, धानोरा तालुका

आमच्या तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाचं नाव २००९ मध्ये जंगलावर मिळालेल्या सामूहिक वनहक्कामुळे सगळ्यांना माहीत आहे, पण मला तिथली मोठी गोष्ट वाटते ती ही की गावसभा बहुमताने नाही, सर्वसहमतीने ठरवते. आम्ही युवा गटात तेच लावलं. हात वर करायला लावले की धटिंगण पोरं जिंकतात आणि पोरी गप्प बसतात, दरवेळी. सहमतीत जीव जातो, सहलीला कुठं जायचं यावर बैठका संपत नाहीत, पण एखादी न बोलणारी पोरगी "मला नाही पटत" म्हणाली की सगळ्यांना थांबावंच लागते. त्यात ती बोलायला शिकते.

वाशीम, शिक्षिका

सगळं छान, पण पैसे कमी भरले तर? जबाबदार कोण?

वर्धा जिल्हा, किशोरी गटवाली ताई

आमचे एकदा कमी भरलेच होते. दहा वर्षांवरच्या मुलाला स्वतःचं बचत खातं चालवता येतं, पण गटाचा पैसा एका पोरीच्या खात्यात टाकणं मला बरोबर वाटत नाही, म्हणून रोख ठेवतो, डबा एकीकडे आणि वही दुसरीकडे. दर बैठकीत हिशेब सगळ्यांसमोर वाचायचा. मोठा खर्च असला तर दोन पोरींची आणि माझी, तिघींची सही. त्या वेळी कमी पडलेली रक्कम पोरींनी पुढच्या नाश्त्यातून कापली, म्हणजे पोह्यांऐवजी फुटाणे. मी खिशातून भरते म्हटलं तर नको म्हणाल्या.