सीपॅप सुरू झाल्यावर तोंड कोरडं, हिरडीलगत कीड: मदत हवी आहे

नीलमोहर
वडील, वय 62. स्लीप स्टडीत एएचआय (झोपेत तासाला किती वेळा श्वास अडतो किंवा उथळ होतो, तो आकडा) 34 आला. चार महिन्यांपासून सीपॅप (झोपेत मास्कमधून दाबाने हवा देणारं मशीन) चालू आहे, मास्क फक्त नाकावरचा. झोपेत तोंड उघडं राहतं, सकाळी जीभ टाळूला चिकटलेली असते. आता खालच्या पुढच्या तीन दातांना हिरडीलगत कीड निघाली आणि दाढा घासल्या गेल्यात. दंतवैद्यांनी नाइट गार्ड (रात्री दात घासू नयेत म्हणून त्यांवर बसवायचं कव्हर) सुचवलाय. रक्तदाबासाठी अ‍ॅम्लोडिपिन घेतात.
कीड मशीनमुळे लागली का? मशीन बंद करावं का? गार्ड चालेल का? मशीनऐवजी जबडा पुढे धरणारं उपकरण येतं म्हणे, ते घ्यावं का?

दाढीमागचा_दंतवैद्य
मशीन बंद करू नका. तासाला 30 च्या वर श्वास अडणं हा तीव्र अ‍ॅप्निया, त्यात ही जोखीम घेण्यासारखी नाही.

खालचे पुढचे दात सहसा सगळ्यात शेवटी किडतात, कारण जिभेखालच्या लाळग्रंथींची तोंडं त्यांच्या अगदी मागेच उघडतात. तिथेच कीड म्हणजे कोरडेपणा बराच जुना आणि जास्त आहे. झोपेत लाळ मुळातच जवळजवळ थांबते. त्यात अ‍ॅप्नियावाला तोंडाने श्वास घेतो, म्हणजे मशीन येण्याआधीपासूनच हे चालू असणार. नाकातून दिलेली हवा उघड्या तोंडातून बाहेर पडते, तेव्हा उरलीसुरली लाळही वाळते. दाताचं वरचं कवच साधारण पीएच 5.5 च्या खाली विरघळायला लागतं (पीएच जितका कमी, तितकं आम्ल जास्त). हिरडी खाली सरकून उघडं पडलेलं मूळ मात्र 6 च्या वरच विरघळू लागतं. म्हणून कीड हिरडीलगत.

रात्री शेवटचं ब्रश फ्लोराइड पेस्टने करा, फक्त थुंका, चूळ भरू नका आणि मग मास्क. त्यानंतर साध्या पाण्याशिवाय काही नाही. घसा कोरडा पडला की खडीसाखर तोंडात धरायची किंवा उशाशी गोड दूध ठेवायची सवय असेल, तर आधी ती सोडवा. नाहीतर बाकीचं सगळं वाया जाईल. माउथवॉश हवाच असेल तर अल्कोहोल नसलेला. दंतवैद्यांकडून दर तीन महिन्यांनी 5 टक्के सोडियम फ्लोराइडचं व्हार्निश लावून घ्या. अ‍ॅम्लोडिपिनने काहींच्या हिरड्या वाढतात. दोन दातांमधली हिरडी फुगलेली दिसली तर फिजिशियनना सांगा, गोळी परस्पर थांबवू नका.

रात्रपाळी_स्लीपलॅब
मशीनचा लीकचा, म्हणजे हवेच्या गळतीचा आकडा बघा. हद्द कंपनीप्रमाणे बदलते, बऱ्याच मशीनवर मिनिटाला 24 लिटर धरतात. पहाटेपहाटे लीक उसळत असेल तर हवा बहुतेक तोंडातून जातेय.

आधी नाक. नाक चोंदलं की तोंड उघडणारच. झोपण्यापूर्वी सलाइन स्प्रे मारा, तरीही बंद राहिलं तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. मग ह्युमिडिफायर (हवा दमट करणारी मशीनची पाण्याची टाकी) एकेक पायरी वाढवा आणि दर पायरीवर दोन-तीन रात्री थांबा. टाकीत डिस्टिल्ड पाणी घाला, रोज ओतून टाका, टाकी वाळवा. नळीत पाणी गुडगुडायला लागलं तर खोली थंड आणि हवा दमट झालीय: नळीवर कापडी कव्हर चढवा किंवा तापणारी नळी घ्या, आणि मशीन उशीपेक्षा खाली ठेवा. एवढ्यानेही लीक थांबली नाही तर हनुवटीचा पट्टा, किंवा नाक-तोंड दोन्ही झाकणारा मास्क. मास्क बदलल्यावर प्रेशर पुन्हा तपासून घ्यावं लागू शकतं. नाक बंद असताना पट्टा नको, आणि तोंडावर चिकटपट्टी तर कधीच नको. उलटी झाली तर जिवावर बेतेल.

दाढीमागचा_दंतवैद्य
गार्डचं राहिलं. नुसता वरच्या दातांवरचा गार्ड काहींमध्ये अ‍ॅप्निया वाढवतो, म्हणून सीपॅप नसलेल्या रात्री तो लावू नये. श्वास सुरळीत झाल्यावर काहींचं दात खाणं आपोआप कमी होतं, त्यामुळे माझं मत: आधी लीक आटोक्यात आणा, मग गार्डचं माप द्या. शिवाय वरच्या पुढच्या दातांची आतली बाजू बघायला सांगा. ती गुळगुळीत, खोलगट झाली असेल तर पोटातलं आम्ल वर येतंय आणि त्याला गार्डचा उपयोग नाही. आंबट ढेकर आल्यावर अर्धा-पाऊण तास ब्रशही करू नये.

जबड्याचं उपकरण सौम्य-मध्यम अ‍ॅप्नियाला किंवा सीपॅप सहनच होत नसेल तेव्हा. वरखाली प्रत्येकी निदान आठेक घट्ट दात लागतात, त्यामुळे तुमच्याकडे आधी कीड भरणं. पुढे कधी केलंच तर जबडा जास्तीत जास्त जितका पुढे जातो, त्याच्या साधारण निम्म्यावर सुरुवात करून थोडाथोडा पुढे नेतात, आणि शेवटी उपकरण तोंडात ठेवूनच पुन्हा स्लीप स्टडी करतात. घोरणं थांबलं म्हणजे अ‍ॅप्निया गेला असं नसतं. वर्षानुवर्षं वापरल्यावर दात सरकून चावा बदलतो, हे पैसे भरण्याआधी विचारून घ्या.

नीलमोहर
आभार. खडीसाखर खरंच आहे, उशाशी डबी असते. लीक रात्री सरासरी 31 दिसतेय. वडिलांना खालची अर्धी कवळीही आहे, ती रात्री काढावी ना?

दाढीमागचा_दंतवैद्य
हो, काढा. घासून पाण्यात ठेवा, गरम पाणी नको. मात्र मास्क कवळी काढूनच बसवून बघा, कारण ती काढल्यावर ओठ आत जातात आणि मोठा मास्क हनुवटीपाशी सुटतो.