बायकोच्या पहिल्या लग्नाची लेक दत्तक घ्यायचीय, बाप बेपत्ता आहे, काय करावं?

परभणीकर:
नमस्कार मंडळी. बायकोचं हे दुसरं लग्न, लेक आठ वर्षांची, मला पप्पाच म्हणती. तिचा बाप पाच वर्षाखाली ऊसतोडीला कर्नाटकात गेला तो आलाच नाही, घटस्फोट एकतर्फी झालेलाय. पोरगी वहीच्या लेबलवर माझं नाव लिहिती अन् हजेरीत मास्तर दुसरंच घेतेत, परवा रडत घरी आली. कोर्टासमोरचा एकजण म्हणायलाय पाचशेच्या बाँडवर दत्तकपत्र नोटरी करून देतो, तीन हजार लागतील. करू का?

लातूरचा वकील:
तीन हजार खिशातच ठेवा भाऊ. 1956 च्या हिंदू दत्तक कायद्यात आईला लेकरू द्यायचं तर बापाची संमती लागती. सूट कधी, तर त्यानं संन्यास घेतला, धर्म सोडला, नाहीतर कोर्टानं वेडा ठरवला. निघून गेलेला बाप ह्यात बसत नाही. उद्या तो उगवला की तुमच्या बाँडची पुडी बांधायची. सात वर्ष पत्ता नसला तर मेला असं धरता येतं, पण त्यालाही कोर्टात जावं लागतं अन् तुमची तर पाचच झालीत.

बीडची ताई:
आम्ही 2015 च्या बालन्याय कायद्यानं केलं. नवराबायको दोघांनी मिळून कारा म्हणजे केंद्र सरकारची दत्तकाची संस्था, तिच्या पोर्टलवर नोंदणी करायची, जिल्हा बाल संरक्षण कक्षातले लोक समजावून सांगतेत, आणि सप्टेंबर 2022 पासून आदेश कोर्ट नाही, कलेक्टर देतेत. आमचं सोपं होतं, पहिले मालक वारलेले, मृत्यूचा दाखला लावला. तुम्हाला तिथंबी बापाच्या संमतीचं विचारतीलच. लेकराची मर्जी पण बघतेत, माझ्या पोराला विचारलं तर हा म्हणे आधी सायकल द्या 😄

लातूरचा वकील:
ताई बरोबर. आणि ताब्याचा वाद कोर्टात चालू असला तर तो संपेपर्यंत हे पुढं सरकत नाही. घटस्फोटाच्या डिक्रीत लेकीचा ताबा कुणाकडं लिहिलाय? बाप हरवल्याची पोलिसात नोंद आहे का?

नांदेडचा गुरुजी:
राजपत्रात नाव बदलून घ्या म्हणणारे भेटतील, त्यानं नाव बदलतं, बाप बदलत नाही, वारसा मिळत नाही. तोवर मास्तरांना भेटून सांगा की हजेरीला नुसतं पहिलं नाव घ्या. मी वर्गात तसंच करतो.

परभणीकर:
डिक्री पेटीतून काढली. ताब्याबद्दल एक ओळ नाही. पोलिसात बी कुणी गेलं नव्हतं, सासरे म्हणायचे येईल उद्या परवा. सोमवारी ठाण्यात जातो, आधी शाळेत.