सुरिमीचे गोठलेले ब्लॉक वितळवण्यासाठी रेडिओ लहरींचे यंत्र घ्यावे का?

कोकणकाठ
रत्नागिरीजवळच्या आमच्या लहान कारखान्यात सुरिमीपासून (म्हणजे धुऊन बारीक केलेल्या मासळीच्या लगद्यापासून) खेकड्याच्या चवीच्या कांड्या तयार होतात. उणे 20 अंशांवर ठेवलेले 10 किलोचे ब्लॉक आम्ही आदल्या संध्याकाळी चिल रूममध्ये काढून ठेवतो, परंतु सकाळी कडा मऊ पडलेल्या असतात आणि गाभा मात्र तसाच टणक असतो. रेडिओ लहरींचे यंत्र घ्यावे, की औद्योगिक मायक्रोवेव्ह पुरेल? जाणकारांनी कृपया सल्ला द्यावा.

हिमरेषा
यंत्र अवश्य घ्यावे, पण पूर्ण वितळवण्यासाठी नव्हे. मायक्रोवेव्हच्या 2450 मेगाहर्ट्झ लहरी वितळलेल्या मासळीत जेमतेम एक-दोन सेंटिमीटर शिरतात, तर रेडिओ पद्धतीत सामान्यतः वापरल्या जाणाऱ्या 27.12 मेगाहर्ट्झची तरंगलांबी सुमारे 11 मीटर असल्याने जाड ब्लॉकही आतपर्यंत बऱ्यापैकी सारखा तापतो. अडचण वेगळीच आहे. बर्फ ही ऊर्जा फारशी शोषत नाही, मात्र क्षार विरघळलेले पाणी ती भराभर शोषते. त्यामुळे जो भाग आधी वितळला तोच पुढे अधिकाधिक तापत जातो आणि शेजारी बर्फ शिल्लक असतानाच एखादा कोपरा शिजू लागतो. म्हणूनच ब्लॉक उणे 4 ते उणे 3 अंशांवर आला की थांबावे. याला कारखान्यांत टेंपरिंग म्हणतात. कमी चरबीच्या मासळीत उणे 20 पासून इथवर यायला लागणारी उष्णता पूर्ण वितळवण्याच्या जेमतेम एक तृतीयांश असते, कारण बर्फाचा मोठा भाग त्यापुढच्या दोन-तीन अंशांतच वितळतो. बाऊल कटरला (फिरत्या पात्यांनी माल दळणाऱ्या यंत्राला) एवढा मऊपणा पुरतो, शिवाय दळताना तापमान खाली राहिल्याने प्रथिनेही सुरक्षित राहतात.

तराजू
वरील मताशी सहमत आहे, तरीही आधी दिवसाचा माल मोजावा असे सुचवतो. मोजकेच ब्लॉक लागत असतील, तर गोठलेल्या ब्लॉकचे थेट पातळ काप करणारा फ्लेकर घेणे अधिक शहाणपणाचे ठरेल. त्याला ना इलेक्ट्रोड (ज्यांच्यामध्ये ब्लॉक तापतो ती धातूची पाती) लागतात, ना लहरी बाहेर पडू नयेत म्हणून बंदिस्त बोगदा. विक्रेते ही तुलना सहसा स्वतःहून मांडत नाहीत.

कोकणकाठ
माल रोज टनांत असतो, त्यामुळे फ्लेकर अपुरा पडेल असे वाटते. याच यंत्रात अख्खा बांगडाही वितळवता येईल का?

हिमरेषा
बांगड्यासाठी यंत्र घेऊ नये. दोन समांतर इलेक्ट्रोडमध्ये सपाट, एकसारख्या जाडीचा ब्लॉक उत्तम तापतो. अख्ख्या माशाची शेपटी, डोके आणि मधली पोकळी यांत ऊर्जेची वाटणी बिघडते. त्यासाठी वाहत्या थंड पाण्याचे टाकेच बरे.

सुरिमीचा ब्लॉक प्लॅस्टिकच्या पिशवीसह यंत्रात जाऊ शकतो, पण पिना, धातूच्या पट्ट्या आणि चंदेरी थराची वेष्टणे आधी काढावी लागतात, अन्यथा ठिणगी पडते. इटलीची स्टालाम आणि फ्रान्सची सायरेम या कंपन्या अशी यंत्रे बनवतात. कोणाकडूनही घ्या, पण चाचणी आपल्याच ब्लॉकवर करून मागा, कारण सुरिमीत मिसळलेल्या साखर-सॉर्बिटॉलमुळे तिचा गोठणबिंदू साध्या मासळीपेक्षा थोडा खाली सरकतो आणि दुसऱ्या मालावर बसवलेली वेळ आपल्याला लागू पडत नाही. ब्लॉक बाहेर येताच गाभा, कडेचा मध्य आणि चारही कोपरे यांचे तापमान आपल्यासमोर मोजायला सांगा. सरासरीचा आकडा स्वीकारू नका.