‘हॅप्टिक’ला मराठीत काय म्हणाल?

खाडीकाठ: रत्नागिरीत शालेय विज्ञान प्रदर्शनासाठी फलक लिहितोय. विषय यंत्रमानव-संशोधक केनेथ सॅलिस्बरी यांचं काम. त्यांनी आणि थॉमस मॅसी यांनी एमआयटीत ‘फँटम’ नावाचं यंत्र केलं, १९९४ चा निबंध आहे. छोट्या यांत्रिक हाताच्या टोकाला अंगुस्तान असतं, त्यात बोट घालायचं. पडद्यावरच्या वस्तूला टेकलात की मोटर बोटाला उलट ढकलतात आणि नसलेली वस्तू कठीण लागते. या तंत्राला इंग्रजीत ‘हॅप्टिक’ म्हणतात. मी त्यासाठी ‘स्पर्शतंत्रज्ञान’ लिहिलं. बाई म्हणाल्या, “हे तर मोबाइलचं झालं.” खरंय. टचस्क्रीनला आपला स्पर्श कळतो, इथे वस्तू आपल्याला कळते. शब्द सुचवा.

धातुपाठ: ग्रीक ‘हाप्तेस्थाई’ म्हणजे स्पर्श करणे. म्हणून ‘स्पार्शिक’. संज्ञा संस्कृतातूनच घडवाव्यात, त्यांना प्रत्यय लावता येतात, पुढे शब्दकुळ वाढतं.

पुळण: ‘स्पार्शिक’ सातवीतल्या पोराला कळणार? ‘हॅप्टिक’च ठेवा. मोबाइलच्या सेटिंगमध्ये तोच शब्द आहे, पोरं रोज वाचतात.

धातुपाठ: मग ‘तापमान’ऐवजी ‘टेंपरेचर’च लिहायचं का?

पुळण: तुमच्या ‘हवामाना’तली ‘हवा’ अरबी आहे. तिला कोणी अडवलं नाही.

गरी: आमच्याकडे मालवणात गरवायला बसलं की मासा दिसत नाही, दोरी बोटावर असते. ओढ आली की वडील सांगायचे, “लागलो!” खडकात अडकलेली गरी आणि माशाने धरलेली गरी बोटाला वेगवेगळी लागते. म्हणजे क्रियापद आपल्याकडे आहेच: लागणे. आंबा हाताला मऊ लागतो, दगड पायाला लागतो. वस्तू कर्ता, आपण नुसते घेणारे. बाईंना हवा तो फरक याच शब्दात आहे.

खाडीकाठ: हे फार आवडलं! पण नाम कसं करायचं? ‘लागण’ म्हटलं तर साथ आली असं वाटेल.

आगरवाट: ‘चाचपणी’ घ्या ना. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात फ्रेडरिक ब्रुक्स यांनी १९६७ मध्ये सुरू केलेल्या प्रकल्पाचं नावच ‘ग्रोप’ होतं, म्हणजे चाचपणं. रसायनशास्त्रज्ञ औषधाचा रेणू प्रथिनाच्या खाचेत बसवताना ओढ-ढकल हाताने अनुभवत होते.

धातुपाठ: चाचपणी निवडणुकीआधी उमेदवारांची होते. शिवाय ती माणूस करतो, यंत्र नव्हे.

पुळण: मग ‘शिवणे’? प्राकृत ‘छिवइ’पासून आलेलं, अस्सल आपलं.

आगरवाट: नको. ‘शिवू नकोस’ हे आमच्या आजीने विहिरीवर ऐकलंय. मुलांच्या फलकावर तो शब्द मी येऊ देणार नाही.

धातुपाठ: ‘अस्पृश्य’ही ‘स्पृश्’चाच. म्हणून ‘स्पर्श’ टाकणार का? क ते म ही पंचवीस स्पर्श व्यंजनं आपण शाळेत शिकवतोच.

आगरवाट: टाका म्हणत नाही. पण दोन्ही शब्दांचं ओझं सारखं नाही, आणि ते कोणावर पडलं हे विसरू नका.

खाडीकाठ: एक तांत्रिक गोष्ट शब्द ठरवायला उपयोगी पडेल. डोळ्याला सेकंदाला तीसेक चित्रं पुरतात. हाताला मात्र बल सेकंदाला हजारेक वेळा मोजून द्यावं लागतं, नाहीतर पडद्यावरची कडक भिंत बोटाला थरथरती लागते. आणि टोक जितकं आत घुसेल तितकं ढकलायचं असं गणित ठेवलं, तर पातळ पत्रा जोरात दाबल्यावर बोट पलीकडे निघतं. झिल्स आणि सॅलिस्बरींनी १९९५ मध्ये यावर तोड काढली. एक काल्पनिक बिंदू पृष्ठभागावरच ठेवायचा, आत जाऊच द्यायचा नाही. खरं बोट त्या बिंदूपासून जितकं लांब, तितकी ओढ.

गरी: म्हणजे दोरीच की!

पुळण: मग ‘रेटा’. भिंत रेटते, आपण रेटतो.

धातुपाठ: इथे तर ओढ आहे. रेटा बाहेरच्या दिशेने.

आगरवाट: पण बोटाला ती रेट्यासारखीच लागते ना? आंबा दाबून बघताना बोट साल ओढतंय असं कोणी म्हणत नाही.

गरी: आंबा दाबायचाच नसतो! आढीतला हापूस वासावर ओळखतात. दाबलात तर डाग पडतो आणि पेटी परत येते.

पुळण: देठाजवळ हलकं दाबतातच. आमच्या देवगडला सगळे बघतात.

गरी: देवगडला कोण दाबतं, बागेचं नाव सांगा.

खाडीकाठ: मंडळी, फलक उद्या छापायला जातोय. ‘स्पार्शिक’, ‘रेटा’ की ‘हॅप्टिक’?

धातुपाठ: आधी एक सांगा, ‘देठ’ आणि ‘दांडा’ यांचं मूळ एकच का?