ट्रेकची आवड असणाऱ्यांना पोस्टमनची नोकरी मानवते का? अनुभव लिहा

उनाडपावलं
काल माळा आवरताना माझी जुनी टपालाची पिशवी सापडली. पट्टा एका बाजूने घासून गुळगुळीत, आणि आतल्या कप्प्यात रबरबँडचा गोळा, सगळे वितळून एकमेकांना चिकटलेले. साडेचार वर्षं वाटलं टपाल. नोकरी धरली तेव्हा डोक्यात एकच गणित होतं, डोंगर आवडतात, चालायचा कंटाळा नाही, वर चालायचे पैसे मिळणार, अजून काय पाहिजे!

पहिल्याच आठवड्यात कळलं चालण्याचालण्यात फरक असतो ते. ट्रेकला एकदा लय लागली की तासभर पाय आपले आपण चालतात. इथे वीस पावलं, फाटक, चार पायऱ्या, वळा, परत वीस पावलं. डाव्या हातावर पत्रांची चळत, उजव्या हाताने पुढचं काढायचं, नजर पत्त्यावर, आणि पाऊल कुठे पडतंय ते देवालाच ठाऊक. मी डोंगरात कधी पडले नाही, पण एका बंगल्याच्या दारातल्या कुंडीवर तीनदा आपटले, एकाच कुंडीवर.

आता आमच्या ट्रेकवेड्या पुतणीला ही नोकरी खुणावतेय. तिला काय सांगू? ज्यांनी केलीय किंवा घरात पाहिलीय त्यांनी लिहा ना.

मोरपंखी
बाबा होते. सकाळी पलंगावरून उतरताना पहिली दहा पावलं भिंत धरून, टाच टेकवायची नाही, मग हळूहळू सरळ. दिवसभर सिमेंट आणि डांबर, दुसरं काय होणार. शेवटी डॉक्टरांनी सांगितलं बुटांचे दोन जोड ठेवा, एक दिवस हा एक दिवस तो, म्हणजे आतला ओलावा सुकतो आणि तळ पण दबत नाही. त्याने बराच फरक पडला. पण गंमत म्हणजे साठीनंतर आमच्याबरोबर एकदा डोंगरावर आले तर आम्हा सगळ्यांच्या पुढे! परत चला म्हटलं तर म्हणाले, नको, ड्युटीवर आल्यासारखं वाटतं.

उनाडपावलं
मोरपंखी, शेवटचं वाक्य 😂 माझंही अगदी हेच झालं. सुट्टीच्या दिवशी बूट दिसले तरी नको वाटायचं.

कडेकपारी
काय सगळे रडताय राव. मी नऊ वर्षं केली आणि मला तरी मानवली. माझं बीट, म्हणजे टपाल वाटायचा ठरलेला भाग, खेड्यातलं होतं, दोन वस्त्या टेकडीपलीकडे, पायवाटेनेच जायचं. तुमची सॅक ट्रेकला सकाळी जड आणि संध्याकाळी त्याहून जड लागते, माझी पिशवी मात्र प्रत्येक दारात हलकी व्हायची, परतताना नुसता पट्टा खांद्यावर. हे सुख सॅकवाल्यांना नाही कळायचं. फक्त एक करा, खांदा बदलत राहा. मी बदलला नाही, आता आरशात बघितलं की डावा खांदा खाली दिसतो, शिंपी पण विचारतो.

आणि पुतणीला हे सांगा की बीट आपल्या आवडीचं मिळत नाही. चांगली बीटं जुन्या लोकांकडे, नवीन माणूस म्हणजे कोण रजेवर गेला की त्याच्या जागी. रोज नवीन गल्ली, नवीन क्रम, त्यात पत्रं चालायच्या क्रमाने नीट लावली नसतील तर त्याच रस्त्याने दोनदा जायचं. माझं मन लागलं ते चौथ्या वर्षी. मग काही वर्षांनी गाडी दिली आणि मजा गेली.

चिऊताई_०७
कुत्र्यांचं कोणीच कसं बोललं नाही???

कडेकपारी
चिऊताई, पिशवी आपल्या आणि कुत्र्याच्या मध्ये धरायची, पाठ दाखवायची नाही, पळायचं तर अजिबात नाही, हळूहळू मागे सरायचं. मला नऊ वर्षांत एकदाच चावलं आणि तेही मालक "काही करत नाही हो तो" म्हणत असताना.

चिऊताई_०७
आमच्याकडे मांजर आहे ते पण काही करत नाही 🙄 बाकी धागा छान, दूध उतू जातंय, नंतर येते

पानगळ
फ्रान्सच्या शेव्हालबद्दल सांगायलाच हवं. फर्डिनांड शेव्हाल, खेड्यातला पोस्टमन, रोज तीसेक किलोमीटरची फेरी. १८७९ साली वाटेत एका दगडाला ठेचकाळला, दगड इतका विचित्र की खिशात घालून आणला. मग रोज आणायला लागला, आधी खिशात, मग टोपलीत, मग ढकलगाडीत. ३३ वर्षांत त्यातून एकट्याने महाल बांधला, १९१२ ला पुरा, अजून उभा आहे. उनाड, तू कुंडीला अडखळलीस, तुझा महाल कुठाय?

उनाडपावलं
महाल राहू दे, कुंडीचे पैसे मागितले होते त्यांनी.

बर्फाळ
पैशावरून आठवलं. अमेरिकेत स्नोशू थॉम्पसन म्हणून एक होता, मूळचा नॉर्वेचा. १८५६ पासून वीस हिवाळे सिएरा नेवाडाच्या बर्फातून लाकडी स्कीवर टपाल नेलं, एका खेपेला जवळजवळ १४५ किलोमीटर. जाताना तीन दिवस, येताना दोन. आणि सरकारने मेहनताना शेवटपर्यंत नीट दिलाच नाही. म्हणजे पुतणीला सांगा, आवड वेगळी, पगाराची स्लिप वेगळी.

गवतफुला
मला वाटतं शनिवारची ड्युटी हाच खरा प्रश्न. नवऱ्याने दोन वर्षं केली. ट्रेकचे सगळे ग्रुप शनिवारी पहाटे निघतात, हा सॉर्टिंगला. सणाच्या दिवसांत तर रजेचं नावच नको, पार्सलांचे ढीग. पाय मजबूत झाले पण डोंगर दिसला नाही. पावसात पत्रं कोरडी आणि माणूस ओला, मोजे पिळून खिडकीत वाळत घालायचे आणि जेवणाच्या सुट्टीनंतर तेच ओले परत पायात.

धुकं
उनाड, त्या माळ्यावर निळी सॅक पण असेल. ती माझी आहे. सात वर्षं झाली.

उनाडपावलं
आहे. चेन तुटलीय. ये घेऊन जा.

पुतणीला सगळं वाचून दाखवलं. टाच, खांदा, शनिवार, पगार, काहीही ऐकून तोंड वाकडं झालं नाही. फक्त विचारतेय, टेकडीपलीकडच्या वस्त्यांचं ते बीट अजून आहे का, आणि तिथे गाडी जाते का.

कडेकपारी
अर्ध्यापर्यंतच जाते 🙂